कावळ्याचा देखणा कझिन

नवीन जॉइन झालेल्या कलीगला आपण आधी नाव विचारतो, मग आडनाव. आणि चहाचा दुसरा घोट घेईपर्यंत ‘मूळचे कुठले तुम्ही?’ हा प्रश्न आलाच म्हणून समजा. आडनावावरून गावाचा अंदाज बांधण्यात तर आपला हात कुणी धरू शकत नाही. हे वऱ्हाडातले, ते भंडाऱ्याकडचे, हे नक्की पुण्याहून आलेले. यातले किती अंदाज चुकतात, याचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही.

पक्षीशास्त्रज्ञांनी एका पक्ष्याच्या बाबतीत गेली अडीचशे वर्षं अगदी हेच केलंय. आधी म्हणाले कावळा. मग म्हणाले माशीमार. आता पुन्हा म्हणताहेत की, अहो, हा तर कावळ्याच्याच गोतावळ्यातला! आणि तो पक्षी असा, की त्याला कावळ्याच्या शेजारी बसवायला कुणाचंही मन धजणार नाही. इंडियन पॅरडाइज फ्लायकॅचर. मराठीत स्वर्गीय नर्तक.

पाहिलाय का कधी? अंगानं बुलबुलाएवढा. डोकं काळं कुळकुळीत, त्यावर तुरा, डोळ्याभोवती निळसर कडं. पूर्ण वाढलेला नर असेल तर बाकी सगळा पांढराशुभ्र, आणि शेपटीची मधली दोन पिसं फूटभर लांब, रिबिनीसारखी. उडाला की झाडीतून पांढरी फीत कुणीतरी ओढत नेल्यासारखं दिसतं. काही नर पांढऱ्याऐवजी विटकरी तांबूस असतात, शेपटी तेवढीच लांब. मादी तांबूसच, पण आखूड शेपटीची, गळ्याशी राखाडी. तरुण नरही पहिली एकदोन वर्षं मादीसारखेच दिसतात. म्हणजे लांब शेपटी हा सिनिऑरिटीचा मामला आहे, फ्रेशरला मिळत नाही.

आता नावाचं. ‘पॅरडाइज’चं मराठी ‘स्वर्गीय’ केलं ते बरोबरच, पण पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचून वाढलेल्या आपल्या पिढीला ‘स्वर्गीय नर्तक’ ऐकलं की आधी फोटोला हार दिसतो. हिंदीत त्याला दूधराज म्हणतात, ते जास्त झक्कास. शाह बुलबुल असंही एक नाव आहे. तुरा आणि अंगलट पाहून लोकांनी त्याला बुलबुलांचा राजा करून टाकलं. म्हणजे खानदान चुकवण्याची सुरुवात काही फक्त शास्त्रज्ञांनी केलेली नाही.

आणि गंमत बघा, हा दूधराज मध्य प्रदेशचा राज्यपक्षी आहे. आपला, म्हणजे महाराष्ट्राचा, हरियाल. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं. तेव्हा पेंचच्या जंगलात आज इकडून तिकडे उडणाऱ्या दूधराजाला आपण राज्य बदलतोय, याचा पत्ता असायचं काही कारण नाही. पण आपल्याला जरा चुटपुट लागतेच.

गल्लीतले नातेवाईक

प्रताप नगरात हा पक्षी रोज दिसतो, असं मी अजिबात म्हणणार नाही. त्याला दाट सावली लागते, बांबू लागतो, नाल्याकाठची थंड झाडी लागते. चौकातल्या ट्रॅफिकमध्ये त्याचं काय काम? त्याच्यासाठी रविवारी पहाटे गाडीला किक मारून गोरेवाड्याच्या झाडीत जायचं, नाहीतर मित्रांची मोट बांधून पेंचला सिल्लारी गेट गाठायचं. झाडीत वाकून, मान अवघडून, अर्धा तास काहीच न दिसण्याची तयारी ठेवायची. आणि मग एकदम ‘च्वे’ असा कर्कश आवाज येतो. हो, कर्कशच. ज्याच्या प्रजातीचं नाव, टर्प्सिफोनी, ग्रीकमधल्या ‘आनंद देणारा’ आणि ‘आवाज’ या शब्दांवरून केलंय, त्याची रोजची हाक अशी आहे. गातो तेव्हा बरा गातो म्हणा.

पण त्याचे नातेवाईक बघायचे असतील तर गोरेवाड्यापर्यंत जायची गरज नाही. प्रताप नगरात तर्री पोहे खाता खाता मान वर करा. तारेवर दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल बसलेला असेल. पलीकडे कडुनिंबावर कावळा असणारच. एखाद्या जुन्या बंगल्याच्या आंब्यावर टकाचोर लांब शेपूट सांभाळत फिरत असेल. स्वर्गीय नर्तकाचे जवळचे भाऊबंद हे आहेत. आणि कुंपणाच्या भिंतीवर शेपूट उभारून शीळ घालणारा काळा-पांढरा दयाळ? त्याच्याशी याचं नातं लांबचं. मजा अशी, की खरा फ्लायकॅचर आता दयाळ आहे आणि नावात फ्लायकॅचर असलेला स्वर्गीय नर्तक मात्र नाही.

थांबा, सांगते.

पहिला एचआर मॅनेजर

सगळ्या सजीवांना दोन शब्दांचं नाव द्यायची पद्धत रूढ केली ती स्वीडनच्या कार्ल लिनिअसनं. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. म्हणजे आधी आडनाव, मग नाव. अनेक प्रजाती मिळून एक कुळ. १७५८ साली त्याच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली आणि प्राण्यांची शास्त्रीय नावं तिथून मोजायची असं पुढे ठरलं. लिनिअस स्वतः कधी भारतात आला नाही. जगभरातून येणारे वाळवलेले नमुने, चित्रं, दुसऱ्यांची वर्णनं यांवर त्याचं काम चालायचं. बायोडेटा पाहून डिपार्टमेंट ठरवणाऱ्या एचआर मॅनेजरसारखं.

या फीतवाल्या पक्ष्याला त्यानं नाव दिलं कॉर्व्हस पॅरडिसाय. कॉर्व्हस म्हणजे कावळा. स्वर्गातला कावळा! तेव्हा कॉर्व्हस हे खातंच ऐसपैस होतं. युरोपातले मॅगपाय आणि जे हे पक्षीही त्यानं त्याच खात्यात टाकले होते. पुढे जर्मनीच्या कॉन्स्टँटिन ग्लोगरनं १८२७ मध्ये या पक्ष्यांसाठी टर्प्सिफोनी ही स्वतंत्र प्रजाती केली. नाव झालं टर्प्सिफोनी पॅरडिसाय. ते आजही टिकून आहे.

कावळ्याचा शिक्का गेला, पण नव्या प्रजातीला कुळ तर हवंच. मग सरळ कामावरून ठरलं. हा काय करतो? फांदीवर बसतो, हवेत झेप घेतो, उडता किडा पकडतो, परत येऊन बसतो. चोच चपटी, बुडाशी रुंद, तोंडाभोवती राठ केस. हा तर माशीमार! टाका मस्किकॅपिडी कुळात. मस्का म्हणजे माशी, कॅपेरे म्हणजे पकडणं, लॅटिन आहे.

खरी गोम इथंच आहे. फ्लायकॅचर हे आडनाव नाही, डेसिग्नेशन आहे. व्हिजिटिंग कार्डवर ‘मॅनेजर’ छापलेले सगळे एकमेकांचे चुलतभाऊ नसतात. उडते किडे पकडून पोट भरायचं ठरलं की चपटी चोच, चटकन वळता येईल असे पंख, राठ मिशा हे सगळं हळूहळू जमून येतं, मग खानदान कुठलंही असो. अमेरिकेत तर टायरंट फ्लायकॅचर नावाचं तिसरंच कुळ आहे, चारशेहून जास्त जातींचं. त्यांचा ना आपल्या माशीमारांशी जवळचा संबंध, ना आपल्या नर्तकाशी. काम मात्र तेच.

विसाव्या शतकाच्या मध्यावर तर मस्किकॅपिडी या कुळाची अवस्था सीझनमधल्या दादर एक्स्प्रेससारखी झाली होती. जो येईल त्याला आत घ्या. सालिम अली आणि सिडनी डिलन रिप्ले यांनी १९६८ ते १९७४ या काळात भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर दहा खंडांचा हँडबुक काढला. अजूनही पक्षीवाल्यांच्या घरात तो देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा असतो. त्यात हे एकच कुळ कितीतरी पानं व्यापून बसलंय. सातभाई त्यात, शिंपी त्यात, वटवटे त्यात, दयाळ आणि कस्तूर त्यात, खरे माशीमार त्यात, आणि मोनार्क या उपकुळात आपला स्वर्गीय नर्तकही त्यातच. हा काही सालिम अलींचा दोष नव्हे. त्या काळी जगभर असंच चालत होतं, आणि पिसं, हाडं, चोची पाहून यापेक्षा वेगळं काही ठरवता येणंही अवघड होतं.

आपल्या नागपुरातही याद्यांचं काम जुनं आहे, हे जाता जाता सांगायला हवं. सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, तिथे ई. ए. डिअब्रू नावाचे अभिरक्षक होते. त्यांनी मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी १९३५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली. आपण लहानपणी शाळेच्या सहलीत पेंढा भरलेले प्राणी बघून ‘आता डब्बा कधी?’ विचारत बाहेर पडलो, ते हेच म्युझियम.

झिपर उघडली आणि…

१९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या चार्ल्स सिब्ली आणि जॉन अलक्विस्ट या दोघांनी वेगळीच शक्कल लढवली. डीएनए म्हणजे दोन पट्ट्यांची झिपर. तापवली की उघडते, थंड केली की पुन्हा लागते. त्यांनी दोन वेगवेगळ्या पक्ष्यांच्या पट्ट्या एकमेकींना लावून पाहिल्या. नातं जवळचं असेल तर दात नीट जुळतात आणि ती झिपर उघडायला जास्त तापमान लागतं. नातं लांबचं, तर थोड्या उष्णतेतच सुटते. झालं! इतकी साधी कल्पना, पण हजारो वेळा केलेली. त्यांचा जाडजूड ग्रंथ १९९० मध्ये आला आणि पक्षीजगतात भूकंप झाला.

मोनार्क मंडळी, म्हणजे आपला नर्तकही, माशीमारांच्या घरातून उचलून त्यांनी थेट कोतवालांच्या शेजारी आणि कावळ्यांच्या छत्राखाली नेऊन ठेवली. लोकांनी भुवया उंचावल्या. सिब्ली-अलक्विस्टचे बरेच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, त्यांच्या पद्धतीवर टीकाही खूप झाली. पण हा निष्कर्ष टिकला. नंतर डीएनएची अक्षरं प्रत्यक्ष वाचायचं तंत्र आलं, त्यातूनही तेच दिसलं. मोनार्किडी हे आता स्वतंत्र कुळ आहे, आणि त्याचे शेजारी म्हणजे कोतवाल, खाटीक, कावळे आणि पंख्यासारखी शेपटी उघडणारा नाचण.

म्हणजे २३२ वर्षांनी लिनिअसचा तुक्का लागला म्हणायचा. अर्थात त्याला श्रेय देताना जरा हात आखडता घ्यावा लागतो. मॅट्रिकच्या गणितात रीत चुकूनही उत्तर बरोबर आलेल्या पोराला मास्तर जेवढे मार्क देतील, तेवढेच.

आणि ‘मूळचे कुठले?’ या आपल्या लाडक्या प्रश्नाचं उत्तरही यातून मिळतं. कावळा-कोतवाल-मोनार्क या सगळ्या गोतावळ्याचं मूळ ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या बाजूचं मानलं जातं. तिथून ही मंडळी आशियात, आफ्रिकेत, बेटाबेटांवर पसरली. टर्प्सिफोनीच्या आज साधारण दीड डझन जाती मानतात. जपानपासून आफ्रिकेपर्यंत, मध्ये मादागास्कर, मॉरिशस-रियुनियन, सेशेल्स. खरे माशीमार मात्र मोठ्या चिमण्या-कस्तुरांच्या फांदीवरचे. म्हणजे गोरेवाड्यातल्या एकाच बांबूच्या बेटात निळाशार टिकेल्स ब्लू फ्लायकॅचर आणि पांढरा स्वर्गीय नर्तक शेजारी शेजारी किडे पकडताना दिसले, तर ते दोन फार वेगळ्या घराण्यांतले एकाच पदावरचे कर्मचारी समजायचे. सायोर्निस ही टिकेल्सवाल्याची प्रजाती. एडवर्ड ब्लाइथ या कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या अभिरक्षकानं १८४३ मध्ये तिचं बारसं केलं. ती अजून मस्किकॅपिडीतच आहे.

त्या कुळात मधल्या काळात नवी भरतीही झाली. दयाळ, चीरक वगैरे मंडळी पूर्वी कस्तुरांच्या कुळात धरली जायची. डीएनएनं दाखवलं की ती माशीमारांपैकीच. २०१० मध्ये सँगस्टर, आल्स्ट्रम आणि सहकाऱ्यांनी या सगळ्या गटाची मोठी छाननी करून बऱ्याच प्रजातींची मांडामांड उलटीपालटी केली. तुमच्या भिंतीवरचा दयाळ माशीमार झाला तो असा. त्याला ना प्रमोशन लेटर मिळालं, ना त्यानं माश्या पकडण्याची शैली बदलली.

पण मला काय त्याचं?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर चूक नाही. सोमवारी रिव्ह्यू मीटिंग आहे, ईएमआय आहे, आणि इथं कुणीतरी सांगतंय की एका पक्ष्याचं कुळ बदललं. बदलू देत की!

पण कागदावर जे लिहिलेलं असतं त्याची किंमत आपल्यासारख्या ऑफिसवाल्यांना तरी सांगायला नको. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा घ्या. त्याच्या चौथ्या परिशिष्टात बरेचसे पक्षी एकेक करून दिलेलेच नव्हते, गटागटानं दिले होते. बुलबुल, कोतवाल, आणि ‘फ्लायकॅचर’. पुढे कंसात कुळाचं नाव, मस्किकॅपिडी. कायदा झाला तेव्हा स्वर्गीय नर्तक त्या कुळात होता. मग शास्त्रानं त्याला बाहेर काढलं, पण यादी तशीच. आता एखाद्या चलाख वकिलानं उठून म्हटलं असतं की, मिलॉर्ड, हा पक्षी मस्किकॅपिडीतला नाहीच, तर? मी कल्पना लढवतेय, पण ही फट खरोखरच होती. आणि याच कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत, उंदीर-घुशींसोबत कोण होता? कावळा! म्हणजे लिनिअसचं नाव चालू राहिलं असतं तर आपला दूधराज कुठल्या रांगेत उभा असता, विचार करा.

२०२२ च्या दुरुस्तीनं ही परिशिष्टं नव्यानं लिहिली गेली. १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहेत. उपद्रवींची यादी गेली, आणि पक्षी आता जातवार, शास्त्रीय नावानिशी दिले जातात. हे काम सरकारी बाबूंनी केलं, पण त्यामागे वर्गीकरणवाल्यांची अनेक दशकांची किचकट मेहनत आहे. ज्याला नाव नाही, त्याला संरक्षण देता येत नाही.

याचा अगदी ताजा संबंध आपल्या वीकएंडशी आहे. या पक्ष्याचा विणीचा हंगाम साधारण मे ते जुलै. बारीक काड्या आणि कोळ्याच्या जाळ्यानं विणलेलं वाटीसारखं घरटं, खालच्या फांदीच्या टोकाला. आत तीन-चार अंडी. नर आणि मादी दोघंही आळीपाळीनं उबवतात, चौदा-सोळा दिवस, आणि पिल्लांना भरवायचं कामही दोघांचं. वाटीएवढ्या घरट्यात बसलेला पांढरा नर आणि बाहेर लोंबणारी फूटभर शेपटी! हा फोटो मिळावा म्हणून लोक काय करत नाहीत? समोरची पानं खुडतात, आडवी आलेली डहाळी बांधून बाजूला घेतात, मोबाइलवर त्याचाच आवाज लावून त्याला चिडवतात. मे महिन्यातलं आपलं ऊन कसं असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. पानांची ती सावली म्हणजे पिल्लांचा कूलर आहे. तो काढून घेतला तर फोटो तेवढा शार्प येतो.

याच कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचून पाहा. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही त्यात येतं. बंदूकच लागते असं नाही, झूम लेन्सही पुरते. अनेक फोटो स्पर्धा आणि पक्षीवाल्यांचे ग्रुप आता घरट्याचे फोटो घेतच नाहीत, ते यामुळेच. मला विचाराल तर लोकेशन शेअर करण्यावरही बंदी हवी. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन पडली की पुढच्या रविवारी त्या झाडाखाली दहा ट्रायपॉड.

बिचारा स्वतःची काळजी घेतोही. बऱ्याचदा हा पक्षी कोतवालाच्या घरट्याच्या आसपास आपलं घरटं बांधतो. कोतवाल भांडकुदळ, घारीलाही टोचून हाकलणारा. त्याच्या दराऱ्यात याचं फुकटात भागतं. दोघं एकाच गोतावळ्यातले, हे आपल्याला परवापरवा कळलं. यानं नातं ओळखून शेजार निवडला असं म्हणायचा मोह होतो, पण ते काही खरं नव्हे. भांडखोर शेजारी कामाचा, एवढंच. चष्मेवाल्या पक्ष्यांनी या नर्तकाची पिल्लं भरवल्याचीही नोंद आहे. आता ही शेजारधर्माची कोणती पातळी म्हणायची?

विधवा नावाचा भाऊ

नावावर आणि आकड्यांवर काय अवलंबून असतं, ते बघायला हिंदी महासागरात सेशेल्सला जाऊ. तिथं याच प्रजातीतला एक भाऊ राहतो. टर्प्सिफोनी कॉर्व्हिना. कॉर्व्हिना म्हणजे कावळ्यासारखा, कारण नर नखशिखांत काळा, निळसर झाक असलेला. लांब काळ्या शेपटीमुळे तिथले लोक त्याला ‘व्हव्ह’ म्हणतात, म्हणजे विधवा. इकडचा स्वर्गीय, तिकडची विधवा. नशीब बघा.

हा पक्षी एकेकाळी जवळजवळ फक्त ला दीग या छोट्याशा बेटापुरता उरला होता. तिथली ताकामाका आणि देशी बदामाची झाडी हे त्याचं घर. देशी बदाम म्हणजे आपल्या कॉलन्यांत मोठ्या तांबड्या पानांचा सडा पाडणारं तेच झाड. पर्यटन वाढलं, घरं वाढली, झाडी आक्रसली. नामशेष व्हायच्या अगदी काठावरच्या यादीत त्याचं नाव गेलं. ती स्वतंत्र जात असल्याचं पक्कं होतं, म्हणून तिच्यासाठी पैसा आणि माणसं उभी राहिली. २००८ मध्ये २३ पक्षी दुसऱ्या एका बेटावर, डेनिसवर, नेऊन सोडले. ते तिथं रुजले. २०२० मध्ये धोक्याच्या यादीतली त्याची पायरी खाली आली. एखाद्यानं ‘अहो, काळा पॅरडाइज फ्लायकॅचरच तो, बाकी जगात आहेत की भरपूर’ म्हणून फाइल बंद केली असती तर?

आपल्याकडचा प्रश्न एवढा टोकाचा नाही. इंडियन पॅरडाइज फ्लायकॅचर सध्या चिंता नसलेल्या यादीत आहे. पण त्याच्याही नावात नुकताच बदल झाला, आणि तो बदल कदाचित तुमच्या जुन्या डायरीतही आहे. आधी मध्य आशियापासून भारत, चीन, इंडोनेशियापर्यंतचे सगळे एकच जात धरत, एशियन पॅरडाइज फ्लायकॅचर. २०१५ च्या सुमारास त्याचे तीन झाले. आपला इंडियन. ईशान्य भारत आणि आग्नेय आशियातला ब्लाइथ्स. आणि चीन, कोरिया, रशियाच्या पूर्व टोकाकडचा आमूर. एका रात्रीत एकाचे तीन, आणि प्रत्येकाची वस्ती आता वेगळी मोजायची.

मोजणार कोण? सांगायचं तर तुम्ही-आम्हीच. दर फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. अंगणात, गच्चीवर, ऑफिसच्या पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं उभं राहून दिसलेले पक्षी मोबाइलवर टाकायचे. आणि महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह. २०२० पासून सरकारनं तो साजरा करायचं ठरवलं. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसाची, १२ सालिम अलींच्या. चितमपल्ली वनखात्यात राहून विदर्भातली जंगलं पायी तुडवत होते, नवेगाव, नागझिरा, मेळघाट, आणि ‘पक्षिकोश’ लिहून पक्ष्यांची मराठी आणि स्थानिक नावं एका जागी बांधून ठेवत होते. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांची कितीतरी वर्षं याच शहरात गेली, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं?

तर येत्या पक्षी सप्ताहात गोरेवाड्याला किंवा अंबाझरीच्या झाडीत जाणार असाल तर दोन गोष्टी. कपडे मातकट घाला, परफ्यूम घरी ठेवा. आणि तो दिसलाच, तर ॲपवर नोंद करताना त्याला माशीमारांच्या यादीत शोधत बसू नका, बोट दुखेल. पार वर स्क्रोल करा. कोतवाल संपले की लगेच खाली, खाटीक आणि कावळे सुरू व्हायच्या आधी.